जागलीवर बसून अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल सीझन कसा फॉलो करायचा

राजेहो, ज्यांची रात्र वावरातच जाते त्यांच्यासाठी हे आहे. सप्टेंबरात सोयाबीनच्या शेंगा भरल्या की डुकरांची जागल, मंग तुरीची, अन् नोव्हेंबर लागला की चण्याच्या ओलिताला रात्रपाळीची थ्री फेज, म्हणजे मोटर सुरू करा, दांड फोडा अन् पाणी शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत धुऱ्यावर बसून राहा. बसल्या बसल्या पोट्टे रील पाहतात, काही जण पत्त्याच्या अ‍ॅपवर खिसा रिकामा करून घेतात. मी म्हणतो त्यापेक्षा अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल धरा. काहून, तं त्याचा सीझन ऑगस्टच्या शेवटी, पोळ्याच्या आगंमागं चालू होतो अन् जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या हप्त्यात संपतो, अन् मॅच तिकडं शनिवारी दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत चालतात म्हणजे इकडं शनिवारची रात्र ते रविवारची सकाळ. आपल्या जागण्याच्या टाईमाला एवढा बरोबर बसणारा दुसरा खेळ मला तरी सापडला नाही.

आधी घड्याळ समजून घ्या, बाकी सगळं नंतर. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे 12 वाजले की आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. ही पहिली खेप. दुसरी खेप तिकडं साडेतीनला, म्हणजे इकडं रात्री 1 वाजता, अन् मोठ्या टीमच्या भारी मॅच बहुतेक हिच्यात नाही तं हिच्या पुढच्या खेपेत असतात. तिसरी खेप तिकडं संध्याकाळी साडेसातला, आपली पहाट 5 ची. अन् पश्चिम किनाऱ्यावरच्या मॅच त्याहून उशिरा, त्या आपण रविवारी चहा पिता पिता पाहायच्या. एक भानगड लक्षात ठेवा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास मागं घेतात, तेव्हापासून आपल्याकडे सगळं एक तास उशिरा, साडेनऊचे साडेदहा, 1 चे 2, 5 चे 6. हे कोणी सांगत नाही अन् मंग माणूस एक तास मोबाईल हातात घेऊन बसते की मॅच काहून चालू नाही होऊन राहिली. एक मॅच साडेतीन तास तरी चालते, तेवढ्यात एखादा एकर तं आरामात भिजते.

लाईव्ह व्हिडिओच्या नादी मी वावरात लागत नाही. नेटवर्क एक दांडी, बाभळीखाली गेलं की तीही जाते, अन् डेटा सकाळी भावाला पीक विम्याच्या फोटोसाठी पाहिजे. ईएसपीएन या अमेरिकेतल्या खेळाच्या चॅनलच्या अ‍ॅपवर किंवा साईटवर प्रत्येक मॅचचं एक पान असते, त्याच्यात एक-एक प्ले लिहून येतो, मैदानाचं चित्र असते अन् बॉल कुठं आहे ते दिसते. याला डेटा जवळपास लागतच नाही. बऱ्याच युनिव्हर्सिटीची स्वतःची रेडिओ कॉमेंट्री नेटवर असते, नेटवर्क बरं असलं तं ती ऐका, इंग्रजी सुरुवातीला झेपत नाही पण त्यांचा आवाज चढला की कळते काहीतरी झालं. फक्त हेडफोन एकाच कानात. दुसरा कान वावराकडे पाहिजे, डुक्करही आहे अन् साप-किरडूही आहे. सकाळी घरच्या वायफायवर किंवा गावातल्या टॉवरखाली यूट्यूबवर हायलाइट्स पाहून घ्या, दहा-पंधरा मिनिटांत मॅच होऊन जाते.

आता खेळ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचा याच्याशी काही संबंध नाही, बॉल लांबट, अंगावर हेल्मेट अन् पॅड, अन् पायाचा वापर कमीच. दोन्हीकडं 11-11 पोट्टे. मैदान 100 यार्डाचं (यार्ड म्हणजे वार, 3 फूट), दोन्ही टोकाला 10-10 यार्डाचा एंड झोन. ज्याच्याकडं बॉल त्याला चार चान्स मिळतात, प्रत्येक चान्सला डाऊन म्हणतात, अन् चार डाऊनमध्ये 10 यार्ड पुढं सरकायचं. सरकला की परत नवे चार डाऊन. नाही सरकला तं बॉल समोरच्याला. म्हणून तिसऱ्या डाऊनवर जमलं नाही तं चौथ्यावर बहुतेक टीम बॉल लांब लाथाडून देते, समोरच्याला आपल्या दारातून बॉल मिळण्यापेक्षा लांबून मिळालेला बरा. त्याला पंट म्हणतात. एंड झोनमध्ये बॉल नेला की टचडाऊन, 6 पॉइंट, त्याच्यावर लाथ मारून 1 जास्तीचा, किंवा हिंमत असली तं 3 यार्डावरून परत एंड झोनमध्ये घुसून 2. जवळ आले पण घुसता येऊन नाही राहिलं तं खांबांच्या मधून लाथ मारून फील्ड गोल, 3 पॉइंट. बस, एवढ्यावर सीझन निघतो, बाकीचे नियम आपोआप समजत जातात. एकच हिशेब पाठ करा, टचडाऊन अन् त्याच्यावरचे 2 मिळून 8 होतात, म्हणून 8 पर्यंतची लीड म्हणजे मॅच अजून हातात आहे, 9 झाली की एका पाळीत बरोबरी होत नाही.

अ‍ॅपवर ओळ येते ती कशी वाचायची ते सांगतो, काहून की नवीन माणूस इथंच सोडून देते. समजा लिहिलं आहे ‘थर्ड अँड 7 अ‍ॅट टीटीयू 38’. म्हणजे तिसरा डाऊन, अजून 7 यार्ड पाहिजेत, अन् बॉल टेक्सस टेक नावाच्या टीमच्या बाजूच्या 38 यार्डाच्या रेषेवर आहे. बॉल टेकचाच असला तं अजून 62 यार्ड जायचं आहे. यार्डाचा आकडा 50 पर्यंतच चढतो, मंग समोरच्याच्या बाजूनं उतरत जातो. 20 च्या आत आले की रेड झोन, तेव्हा चहाचा थर्मास खाली ठेवा. थर्ड डाऊन हाच खरा मॅचचा जीव आहे, स्कोर पाहण्यापेक्षा कोणाचे थर्ड डाऊन जास्त निघून राहिले ते पाहा, तिसऱ्या क्वार्टरपर्यंत तुम्हाला कळून जाते कोण दमला.

क्वार्टर चार, प्रत्येकी 15 मिनिटांचे. बरोबरीत सुटली तं ओव्हरटाईम, अन् कॉलेजचा ओव्हरटाईम मला मॅचपेक्षा आवडते. दोघांनाही समोरच्याच्या 25 यार्डापासून एक-एक पाळी. दुसऱ्या ओव्हरटाईमपासून टचडाऊननंतर 2 पॉइंटसाठीच जावं लागते, तिसऱ्यापासून तं फक्त 2 पॉइंटच्या एक-एक चान्सवर फैसला. झोप उडवायला याच्यापेक्षा चांगलं काही नाही.

सीझनचा आराखडा असा. वरच्या लेव्हलला, ज्याला एफबीएस म्हणतात, तिथं 130 च्या वर टीम आहेत, अन् प्रत्येकाच्या मॅच फक्त 12. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत, म्हणून भांडण. टीम कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटांमध्ये वाटलेल्या, त्यातल्या मोठ्या चार म्हणजे एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह अन् एसीसी. नावावर जाऊ नका, बिग टेनमध्ये 18 टीम आहेत अन् बिग ट्वेल्व्हमध्ये 16, अन् एसीसी नावाला अटलांटिक किनाऱ्याची पण त्याच्यात कॅलिफोर्नियाचं स्टॅनफर्ड आहे. टीव्हीच्या पैशापायी हे झालं, 2024 ला पॅक-12 नावाची शंभर वर्षांची जुनी कॉन्फरन्स फुटली अन् तिच्यात दोनच टीम उरल्या. नोटर डेम कोणत्याच कॉन्फरन्समध्ये नाही, ते आपलं एकटंच.

टीम कोणती धरायची? एक तं धराच, नाही तं एवढ्या टीममध्ये हरवून जाल. पोट्टे ओहायो स्टेट नाही तं अलाबामा धरतात काहून की त्या जिंकतात, धरा बा, पण मजा नाही. माझं म्हणणं, कापसाच्या माणसानं टेक्सस टेक धरावी. ती लबकला आहे, पश्चिम टेक्ससमध्ये, अन् लबकच्या आजूबाजूला अमेरिकेतला सगळ्यात मोठा सलग कापसाचा पट्टा आहे. सीझन ऐन रंगात येतो तेव्हाच तिकडंही कापूस निघते, फरक एवढाच की तिकडं मशीन जाते अन् आपल्याकडं वेचणीला बाया मिळत नाहीत. ऊन, वारा, धूळ, पावसाची वाट पाहणं, सगळं ओळखीचं वाटते. त्यांचे पब्लिक मॅच सुरू होताना मैदानात टॉर्टिया फेकते, टॉर्टिया म्हणजे तिकडची पातळ पोळी, आता त्याच्यावर पेनल्टी लावायला लागले. पॅट्रिक महोम्स नावाचा खेळाडू प्रोफेशनल फुटबॉलमध्ये एवढा मोठा झाला तो इथूनच गेला. अन् 2025 ला टेकनं पहिल्यांदा बिग ट्वेल्व्ह जिंकली, बीवाययू नावाच्या टीमला फायनलमध्ये 34-7 नं हाणून. पुढं काय झालं ते खाली सांगतो.

कापूस नसला तं मक्याची नेब्रास्का आहे, टीमचं नावच कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. त्यांचं स्टेडियम 1962 पासून प्रत्येक मॅचला फुल जाते, टीम हरत असली तरी. टेक्सस ए अँड एम आहे, त्यातला ए मुळात अ‍ॅग्रिकल्चरचा. आयोवा स्टेट, कान्सास स्टेट, पर्ड्यू ही सगळी 1862 च्या मॉरिल कायद्यानं उभी राहिलेली कॉलेजं, सरकारनं जमीन दिली की शेतकी अन् इंजिनिअरिंग शिकवा. विचार करा, आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची टीम मैदानात उतरली अन् साठ हजार लोक आले. मिशिगनच्या स्टेडियमची तं अधिकृत क्षमता 1,07,601 आहे, आपल्या जामठ्याच्या 45 हजाराच्या दुपटीच्या वर, अन् ते कॉलेजच्या पोरांच्या मॅचला भरते.

सप्टेंबर लाईट घ्या. मोठ्या टीम आपल्या घरी लहान कॉलेजला पैसे देऊन बोलावतात, या, मार खा, चेक घेऊन जा. पण या मॅच पूर्ण सोडू पण नका, काहून की कधी कधी चेकही जातो अन् मॅचही जाते. 2007 ला अपालाचियन स्टेटनं मिशिगनला त्यांच्याच स्टेडियममध्ये 34-32 नं हरवलं. 2024 च्या सप्टेंबरात नॉर्दर्न इलिनॉयनं नोटर डेमला त्यांच्या घरात 16-14 नं पाडलं. अन् गंमत पाहा, तेच नोटर डेम मंग जानेवारीत फायनलला पोचलं. ऑक्टोबरात कॉन्फरन्सच्या मॅच रंगात येतात, तेव्हा सोयाबीन काढणी असते, थ्रेशरच्या मागं माणूस मरून जाते, तेव्हा फक्त आपल्या टीमचा स्कोर अन् रविवारी निघणारी टॉप 25 टीमची यादी पाहा, बस. त्याच महिन्यात 2024 ला व्हँडरबिल्टनं अलाबामाला 40-35 नं हरवलं अन् पब्लिकनं गोलचे खांब उपटून नॅशव्हिलच्या नदीत नेऊन टाकले. आपल्याकडं असं कोणी केलं असतं तं तीन दिवस पोलीस स्टेशनला बसावं लागलं असतं.

नोव्हेंबर सोडायचा नाही. शेवटच्या शनिवारी जुन्या वैऱ्यांच्या मॅच असतात, मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट, अलाबामा विरुद्ध ऑबर्न. 2013 ची ऑबर्नची मॅच यूट्यूबवर काढून एकदा पाहाच. 28-28, एक सेकंद बाकी, अलाबामानं लांबून फील्ड गोल मारला, कमी पडला, ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसनं मागं उभं राहून तो झेलला अन् अख्खं मैदान पळत जाऊन टचडाऊन. 34-28. खेळ समजत नसला तरी ते समजते.

आता सगळ्यात किचकट गोष्ट, रँकिंग. 1936 पासून एपी पोल आहे, पत्रकार मत देतात, टॉप 25 निघते, दर रविवारी. वाचायला मजा, पण प्लेऑफला, म्हणजे सीझनच्या शेवटी चॅम्पियन ठरवणाऱ्या मॅचला, त्याचा उपयोग शून्य. प्लेऑफची लिस्ट 13 जणांची कमिटी काढते, तिचं पहिलं रँकिंग नोव्हेंबरात येते, मंगळवारी संध्याकाळी तिकडं, आपल्याकडं बुधवारी सकाळी. त्याच्या आधी ‘आपली टीम प्लेऑफला जाईन का’ याच्यावर डोकं फोडून काही मतलब नाही. ही कमिटी म्हणजे स्थळ पाहायला आलेले पाहुणे समजा. वावर किती एकर ते विचारतातच, पण ओलिताचं का कोरडवाहू तेही विचारतात, विहिरीला पाणी किती महिने टिकते तेही. म्हणजे 10 जिंकल्या 2 हरल्या हे ठीक, पण कोणाला हरवलं, कोणाच्या घरी जाऊन हरवलं, अन् जिथं हरले तिथं किती पॉइंटनं हरले. म्हणून 11-1 वाली टीम 10-2 वालीच्या खाली दिसली तं शिव्या देण्याआधी तिचं शेड्यूल पाहा.

अन् पाहुण्यांचा निकाल कधी कधी अन्यायाचाच असते. 2014 पासून 2023 पर्यंत प्लेऑफमध्ये चारच टीम घेत. 2023 ला फ्लोरिडा स्टेट 13-0, एसीसीचे चॅम्पियन, एक मॅच हरलेले नाहीत, अन् त्यांना घेतलं नाही, काहून तं त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी झाला होता अन् कमिटी म्हणे आता ही तीच टीम राहिली नाही. जागा एक हार असलेल्या अलाबामाला दिली. मला अजून पटलेलं नाही. पोरांनी सगळ्या मॅच जिंकून दाखवल्या, अजून काय कराचं होतं त्यांनी.

2024 पासून 12 टीम झाल्या, अन् लोक कितीही कुरकुरले तरी माझ्या मते हे चांगलं झालं. 2024 अन् 2025 ला हिशेब असा होता की रँकिंगमध्ये वर असलेले पाच कॉन्फरन्स चॅम्पियन पक्के, बाकीच्या सात जागा कमिटीनं रँकिंगवरून भरल्या. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी कॉन्फरन्स फायनल, दुसऱ्या दिवशी रविवारी लिस्ट जाहीर, आपल्याकडं रात्री साडेदहाच्या पुढं. त्या रात्री जागल नसली तरी जागा, अर्धा सीझन त्या एका तासात आहे. 1 ते 4 नंबरला पहिल्या राऊंडला सुट्टी. 5 नंबर 12 शी, 6 नंबर 11 शी, 7 नंबर 10 शी, 8 नंबर 9 शी, अन् या मॅच वरच्या नंबरवाल्याच्या कॉलेजात होतात, डिसेंबरची थंडी, कुठं कुठं हाडं गोठवणारी. मंग क्वार्टर फायनल अन् सेमी फायनल या जुन्या बोल मॅचमध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटी ठराविक शहरात होणाऱ्या नावाजलेल्या मॅचमध्ये, रोज बोल, शुगर बोल, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा, पीच, आळीपाळीनं. रोज बोल सगळ्यात जुना, पहिला 1902 ला झाला. कॉटन बोल नाव वाचून मला उगाचच बरं वाटते.

2024 ला पहिल्या चार नंबरवर फक्त कॉन्फरन्स चॅम्पियनलाच बसवायचा नियम होता, त्याच्यामुळं कमिटीच्या रँकिंगमध्ये 9 वर असलेली बॉइसी स्टेट अन् 12 वर असलेली अ‍ॅरिझोना स्टेट सुट्टी घेऊन बसल्या. 2025 ला तो नियम काढला, आता रँकिंग तेच सीडिंग, म्हणजे प्लेऑफमधला नंबर. पण सुट्टी मिळणं म्हणजे नशीब असं समजू नका. 2024 ला सुट्टीवाल्या चारही टीम आपली पहिलीच मॅच हरल्या, 2025 ला चारातल्या तीन हरल्या, म्हणजे आठातून एकच वाचली. तीन-साडेतीन हप्ते मॅच नाही, पोट्टे गार होऊन जातात, समोरची टीम एक मॅच मारून तापून आलेली असते. त्या हरणाऱ्यात आपली टेक्सस टेकही होती, ऑरेंज बोलमध्ये ओरेगनसमोर 23-0, भोपळा. म्हणून ग्रुपवर अंदाज लावायचा असला तं पहिल्या राऊंडला खेळून आलेल्या टीमकडं आधी पाहा.

वाचलेली एकटी टीम इंडियाना. अन् हिची गोष्ट माहीत पाहिजे. वर्षानुवर्षं हरणारी, 2023 ला 12 पैकी 9 मॅच हरलेली टीम, मंग कर्ट सिग्नेटी नावाचा कोच आला अन् 2025 च्या सीझनला एकही न हरता 16-0. फायनलला मायामीला 27-21 नं हरवलं, तेही मायामीच्याच घरच्या स्टेडियममध्ये. त्याच्या आधीच्या वर्षी ओहायो स्टेट चॅम्पियन, नोटर डेमला 34-23. ओहायो स्टेटवाले तं नोव्हेंबरात मिशिगनसमोर घरीच 13-10 नं हरले होते, कोचला काढा काढा चाललं होतं, जुन्या चार टीमच्या पद्धतीत त्यांचा नंबर लागणं मुश्कील होतं. 12 ची पद्धत होती म्हणून वाचले. तुमची टीम एक-दोन हरली तं नोव्हेंबरात पाहणं सोडू नका, हे याच्यासाठी सांगतो.

फायनल सोमवारी रात्री असते तिकडं, साडेसातच्या सुमाराला, म्हणजे आपल्याकडं मंगळवारी सकाळी 6. 2026 च्या सीझनची फायनल 25 जानेवारी 2027 ला लास वेगसला आहे, हिशेब करा, आपल्याकडं 26 जानेवारीची सकाळ. ज्यांना शाळेत झेंडावंदनाला जायचं आहे, सरपंच, मास्तर, पोरांचे बाप, त्यांना पहिला हाफच मिळन. हाफटाईम कॉलेजला 20 मिनिटांचा असते, त्यात आंघोळ होते.

अन् जानेवारी संपला म्हणजे सगळं संपलं असं नाही, टीम जानेवारीतच बदलायला लागते. ट्रान्सफर पोर्टल उघडते, ज्या पोट्ट्याला जायचं तो नाव टाकते अन् दुसरं कॉलेज धरते. 2021 च्या जुलैपासून पोट्ट्यांना जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा आहे, अन् 2025 च्या जूनमधल्या कोर्टाच्या सेटलमेंटनंतर कॉलेज स्वतः पैसे देऊ शकते, पहिल्या वर्षाला एका कॉलेजला सगळे खेळ मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरची लिमिट. टेक्सस टेक वर आली ती यातूनच, तेलाच्या पैशावाल्या माजी विद्यार्थ्यांनी हात मोकळा सोडला. म्हणून ऑगस्टात परत सुरू कराल तेव्हा मागच्या वर्षीच्या भरवशावर राहू नका, सगळ्यात आधी आपल्या टीमचा क्वार्टरबॅक तोच आहे का दुसरा ते पाहा, मंग कोच तोच आहे का ते, अन् मंग शेड्यूल काढून आपल्या टाईमात लिहून फोनमध्ये अलार्म टाका. मोटरच्या अलार्मपेक्षा वेगळी रिंगटोन ठेवा.